आम्ही तिघी खाणीत उतरलो तेव्हा

माझे आजोबा कोळशाच्या खाणीत सरदार होते. चंदीगडमध्ये हे वाक्य उच्चारलं की पुढे बराच वेळ खुलासा करण्यात जायचा. शाळेत मी एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मेरे नाना सरदार हैं," तर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं माझं एखाद्या मराठी चाळीत शोभेल असं टिकलीवालं तोंड न्याहाळून विचारलं, "पक्का? फिर तू?" मग मी तिला समजावलं, खाणीतला सरदार वेगळा. तो एका पाळीच्या माणसांचा मुकादम. आधी स्वतः आत जायचं, छत ठोकून बघायचं, वायू नाही ना ते तपासायचं आणि मगच माणसांना कामावर सोडायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शीख काकांना हे कळलं तेव्हा ते खदखदून हसले. "ओ जी, फेर तां साड्डे रिश्तेदार होए!" त्यानंतर जिन्यात भेटले की ते माझी चौकशी करायच्या आधी विचारायचे, "सरदारजी दा की हाल है?"

सरदारजींचा फोन दर रविवारी यायचा, आणि तो आईच घ्यायची. माझी आई मध्य प्रदेशातल्या परासियाजवळच्या खाणवसाहतीत वाढली. तिथं निम्मी घरं मराठी, नागपूर-वर्ध्याकडून कामासाठी गेलेली. पप्पा सांगलीचे. चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात ते भूल देणारे डॉक्टर होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी तेव्हा नुकतीच अठरा पूर्ण करून कॉलेजात गेले होते. धाकटा भाऊ अकरा वर्षांचा. त्याच्याशी मराठीत बोललं की तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि रागावलं की पंजाबीत.

तर एका रविवारी फोनवर आई एकदम गप्प झाली. एरवी तिकडची खबरबात ऐकताना ती सारखी "हो का, हो का" करायची. त्या दिवशी नुसती उभी. मी जवळ गेले तर रिसीव्हरमधून आजोबांचा आवाज मलाही ऐकू आला. लांब पल्ल्याच्या फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे.

"जुनी खाण बंद होऊन राहिली. कोळसा सरला. मॅनेजर म्हणते, रिटायर लोकांले आखरीचं पाहाचं असन तर घरच्यांले घेऊन या. तुले पाहाची होती ना?"

आठ वर्षांची असताना आईनं त्यांच्याकडे हट्ट धरला होता, मला खाणीत न्या. ते म्हणाले होते, "मोठी झाली की." ती मोठी झाली, मॅट्रिक झाली, तेव्हा पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "बाईमाणसं खाली जात नाईत." तो विषय तिथं संपला होता. निदान आम्हाला तरी तसंच वाटायचं.

आईनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात न जाता सरळ पप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "दिवाळीला परासियाला जायचं. गाडीनं."

गाडी नवीन होती. बँकांची माणसं घरी येऊन कर्ज देऊ लागली होती, ते दिवस. आमच्या कॉलनीत एका वर्षात स्कूटरच्या जागी छोट्या पांढऱ्या गाड्या उगवल्या, त्यातली एक आमची. ती तोपर्यंत कसौलीच्या पलीकडे गेली नव्हती. पप्पांनी नकाशा काढला, बोटानं अंतर मोजलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की खाण वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतंच हे स्पष्ट दिसलं. त्यांना रस्ता हवा होता.

निघालो तेव्हा उजाडत होतं. झिरकपूरच्या तिठ्यावर ट्रकांच्या मागे अडकलो, मग अंबाला, कर्नाल, आणि दुपारी दिल्लीच्या गर्दीत पप्पा दोनदा चुकीच्या पुलावर चढले. पहिला मुक्काम ग्वाल्हेर, दुसरा सागर. भावाची एकच कॅसेट उलटसुलट वाजत होती. आई पुढच्या सीटवर बसून दर गावाच्या पाटीचं नाव मोठ्यानं वाचायची, जसं काही आम्हाला वाचता येत नाही. सागर सोडलं, नर्मदेचा पूल आला, तिनं हात जोडले; आणि पूल ओलांडल्यावर तिची भाषा बदलली. चंदीगडमध्ये ती पप्पांसारखी बोलायची. आता म्हणाली, "काऊन इतकी हळू चालवून राहिले तुम्ही?"

पप्पा हसायला लागले. "गाडीचा नाही, बायकोचा गिअर बदलला."

वसाहतीत पोचलो तेव्हा आजोबा फाटकात उभे होते. हडकुळे, ताठ, पांढरा सदरा. आजी मागे ओसरीत. गुडघे दुखतात म्हणून ती फारशी बाहेर पडायची नाही असं फोनवर कळायचं, पण भावाला तिनं उचलून कडेवर घेतलं आणि तो ओरडला, "नानी, मैं बड़ा हो गया हूँ!" नऊवारीचा घट्ट काष्टा, कपाळावर आडवं कुंकू, आणि बोलणं असं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच खाणीवर गेलो. आजी म्हणाली, मी खाली येत नाही, तोंडाशी बसते, चहाचा थर्मास सांभाळते. आई पंजाबी सूट घालून बाहेर आली. माहेरी ती कधी साडीशिवाय वावरली नव्हती. आजोबांनी वर-खाली पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ओढणी घरी ठेव. दोरात अडकते."

मॅनेजर तरुण होता, पप्पांपेक्षाही लहान असावा. कोळसा काढणं थांबलं होतं, फक्त पंप चालू होते आणि आतलं सामान वर आणलं जात होतं. त्यानं आमची वयं विचारली आणि भावाकडे बोट दाखवून मान हलवली. अठराच्या आत कुणालाच प्रवेश नाही. भावानं पाय आपटले, मग पंजाबीत काहीतरी पुटपुटला. आजोबा आईकडे बघत मॅनेजरला म्हणाले, "साहेब, ही माही पोरगी. बाईमाणूस चालन ना?"

"सरदारजी, कायदा बायकांना खाली कामावर ठेवायला मना करतो," मॅनेजर म्हणाला. "बघायला नाही."

आईनं आजोबांकडे पाहिलं. इतकी वर्षं! आजोबांचे कान लाल झाले होते.

बत्तीघराच्या खिडकीवर आमच्यासाठी चार टोप्या काढून ठेवल्या होत्या. आजोबा, आई, पप्पा आणि मी. टोपीला दिवा, दिव्याची वायर पाठीमागून कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या जड बॅटरीपर्यंत. खिसे तपासले. पप्पांची काडेपेटी, कॅमेरा, हातातली घड्याळं, सगळं खिडकीत जमा. गमबूट माझ्या पायाला ढगळ होते आणि चालताना पचपच आवाज करत होते. मला इतका आनंद झाला होता की मी खिडकीच्या काचेत सारखी स्वतःला बघत होते. आईही बघत होती. तिनं टोपी जरा तिरकी केली.

खाणीचं तोंड म्हणजे टेकडीच्या पोटातली विटांची कमान. इंग्रजांच्या वेळची. माथ्यावर साल कोरलेलं होतं, पण धुरापाण्यानं आकडे खाऊन टाकले होते. शेजारी देवीचं छोटं देऊळ, शेंदूर फासलेलं. कमानीतून रूळ आणि त्यावर पडलेला पोलादी दोर सरळ खाली उतारावर काळोखात गेला होता. आम्ही देवीला नमस्कार केला. आजोबांच्या हाताखाली एकेकाळी असलेला एक ओव्हरमन, म्हणजे पाळीचा अधिकारी, आम्हाला न्यायला आला. तो म्हणाला, "चला."

तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला. "मले बी दे एक टोपी."

आजोबा वळले. "तुले? तुह्ये गुडघे?"

"गुडघे माह्ये हायेत. मी पाहीन."

"माय, साडीत कसं..." आई म्हणाली.

"काष्टा हाय माहा. तुह्या त्या पायजम्यापेक्षा बरा."

बत्तीघराच्या माणसानं सांगितलं, चारच तयार आहेत, आज जास्तीची बॅटरी चार्ज केलेली नाही. मग पप्पांनी इतक्या झटपट पट्टा सोडला की मला आश्चर्यच वाटलं. "घ्या, आई, माझी घ्या. मी याच्याजवळ थांबतो. एकटा कसा राहील?" पप्पा इस्पितळात पाचव्या मजल्यावर जिन्यानं जायचे. लिफ्टमध्ये कधीच नाही. व्यायाम म्हणून, असं सांगायचे. भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पापा, आप डर गए?" पप्पा म्हणाले, "चहा पी."

आणि आम्ही उतरलो.

पहिल्या काही पावलांत मागचा उजेड पायाशी होता, मग तो संपला आणि दिव्यांचा सुरू झाला. मान वळवली की उजेड वळायचा. आई बोलायची तेव्हा तिचा दिवा माझ्या डोळ्यांवर यायचा आणि मी ओरडायचे. हवा दमट आणि कोमट होती. कुठेतरी पाणी टपटपत होतं. मला वाटलं होतं आत सगळं काळंकुट्ट असेल, पण भिंती पांढऱ्या होत्या! पिठाची गिरणी उलटल्यासारख्या. ओव्हरमन म्हणाला, कोळशाची धूळ पेटू नये म्हणून दगडाची भुकटी मारतात. मी भिंतीवर बोट ओढलं. पांढऱ्याखालून काळी चमकदार रेघ निघाली.

आजोबांनी हातातल्या काठीनं छत ठोकलं. ठण्.

"हे चांगलं," ते म्हणाले. "भद्द आलं का पळाचं."

मी काठी मागितली आणि ठोकली. ठण्. पुन्हा ठोकली. त्यांनी काठी परत घेतली. "बस. घरचं दार नोहे ते."

उतार संपून सपाट भाग आला. दोन्ही बाजूंना कोळशाचे प्रचंड चौकोनी खांब सोडलेले आणि त्यांच्यामधून गल्ल्या, जशा काही आमच्या चंदीगडच्या सेक्टरांच्या, सरळ, काटकोनात. आडव्या गल्ल्यांना लेव्हल म्हणत, उतरत्यांना डिप. एका तिठ्यावर ओव्हरमन रस्ता सांगायला वळला, तर त्याच्या आधी आई म्हणाली, "इथून डावीकडं पंप. उजवीकडं चौथी लेव्हल."

ओव्हरमन थांबला. "ताई, तुम्ही याआधी आलात?"

"नाही."

"मग?"

आई हसायला लागली. "भाऊ रोज जेवताना सांगायचे. डावीकडं पाणी भरलं, चौथ्या लेव्हलला छत उतरलं, दुसऱ्या डिपमध्ये गाडी घसरली. मी वरण-भात खाता खाता सगळी खाण फिरून यायची." ती तिच्या वडिलांना भाऊ म्हणायची. त्यापुढे आजोबा मागे राहिले आणि आईला पुढे चालू दिलं. दर तिठ्यावर ती क्षणभर थांबायची, डोळे मिटायची आणि सांगायची. एकदाच चुकली. तिथं म्हणे नंतर भिंत घातली होती. तिचे गाल पेटल्यासारखे झाले होते. मी तिला कधी इतक्या भरभर चालताना पाहिलं नव्हतं. चंदीगडमध्ये ती भाजी आणायला जातानाही रेंगाळत चालायची.

शेवटी आम्ही कोळशाच्या तोंडाशी आलो, म्हणजे जिथं खोदणं थांबलं ती भिंत. तिच्यावर भुकटी नव्हती. दिवा टाकला की ती आरशासारखी लकाकली. मी तळहात टेकवला. थंड असेल असं वाटलं होतं, पण अंगासारखीच कोमट होती.

ओव्हरमन म्हणाला, "आता बत्त्या बंद करून बघा."

एकेक दिवा विझला. शेवटचा आजोबांचा. तो अंधार मी नंतर कुठेही पाहिला नाही. डोळे उघडे आहेत की मिटले ते कळत नव्हतं. मी आईचा हात शोधला, तर हातात आला तो आजीचा, बांगड्यांवरून कळलं. आणि त्या अंधारात आजी बोलायला लागली. आवाज एरवीपेक्षा लहान होता.

"माह्या मायच्या वक्ती टोपीले बत्ती कुठं होती? हातात दिवा धरे. डोक्यावर टोपली."

"कोणाच्या वेळी?" आईनं विचारलं.

"माह्या मायच्या. जर्मनची लढाई चालू होती ना तिकडं, तवा बायाबी उतरत. माय उतरे. इथंच. याच खाणीत."

कुणी दिवा लावला नाही. आजीनं सांगितलं, ती सात-आठ वर्षांची होती, धाकटा भाऊ तिच्या कडेवर. तिची माय सकाळी खाली जायची आणि त्या दोघांना कमानीपाशी मोहाच्या झाडाखाली बसवायची. रूळ ओलांडायचा नाही, एवढंच सांगून. दुपारभर दोघं कमानीकडे बघत बसायची. पाळी सुटायची वेळ झाली की आजी कमानीत तोंड घालून ओरडायची, माय ओ! आणि खालून कुठूनतरी उत्तर यायचं.

"लढाई संपली, बायांचं काम बंद झालं," आजी म्हणाली. "माय वापस गावाले गेली."

"माय, तू कधी सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"तू सरदाराची पोरगी. शाळेत जाय. तुले काय सांगाचं, तुही आजी टोपली उचले म्हणून?" मग म्हणाली, "अन् कोणी पुसलंबी नाई."

"मले माहीत होतं," आजोबा अंधारातून म्हणाले.

"तुमाले तर माहीतच होतं."

आजोबांनी दिवा लावला. आजीच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं रडू नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती, अगदी जवळ जाऊन, जशी ती दुकानात साडीचा पोत बघायची. तिनं दोन्ही तळहात कोळशाला लावले आणि मग ते स्वतःच्या गालांवर फिरवले. दोन्ही गाल काळे! आईनंही तसंच केलं. मग मीही. आम्ही तिघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की ओव्हरमनला सांगावं लागलं, ताई, इथं आवाज घुमतो, जरा हळू.

चढताना आजीचे गुडघे बोलू लागले. आजोबांनी काठी तिला दिली आणि तिच्या कोपराला धरलं. मी त्यांना एकमेकांचा हात धरताना तोवर पाहिलं नव्हतं. वळण संपून सरळ चढ लागला तेव्हा लांब वर उजेडाचा एक ठिपका दिसला. हळूहळू त्याची कमान झाली. आणि कमानीत दोन काळ्या आकृत्या, एक उंच, एक बुटकी.

आजी थांबली.

"मायले आमी असे दिसत असू," ती म्हणाली. "इतलेसे."

तेवढ्यात बुटकी आकृती आत वाकली आणि गल्लीभर घुमत आवाज आला, "मम्मीईई! ओ मम्मी!" मागोमाग पप्पांचा आवाज, "अरे, आत ओरडू नको!"

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आजीनं तिच्या दंडावर हात ठेवला आणि स्वतःच ओरडली, गळा फाडून, "आलोऽऽ रे पोराऽऽ!" तिचा आवाज खाली गेला, वर गेला, भिंतींना आपटला. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा. काळ्या गालांवर पांढऱ्या वाटा पडल्या. पण ती हसत होती, आणि उरलेला चढ ती काठी न टेकता चढली.

बाहेर आलो तर डोळे दिपले. भाऊ आम्हा तिघींची तोंडं बघून आधी घाबरला, मग हसत सुटला. पप्पांनी चहा ओतला. आजी तीन कप प्यायली आणि दुपारभर तिनं गुडघ्यांना तेल लावून घेतलं. आधी आजोबांकडून, मग आईकडून. तोंड मात्र तिनं संध्याकाळपर्यंत धुतलं नाही. कारण संध्याकाळपर्यंत वसाहतीतल्या बायका येतच राहिल्या. ओसरीत जागा उरली नाही. "खरंच उतरली व तू?" "भीती नाई वाटली?" "आत काय हाय?" त्यांचे नवरे, मुलं, सासरे रोज त्या कमानीतून आत जात-येत होते. त्यांनी दिवसातून तीनदा भोंगा ऐकला होता. भोंगा भलत्या वेळी वाजला तर चुली तशाच टाकून त्या कमानीपर्यंत धावल्या होत्या. आणि त्यापुढे त्यांच्यापैकी एकीनंही पाऊल टाकलं नव्हतं. आजी सांगत होती, हातवारे करत, गाल पुढे करून दाखवत. मोहाच्या झाडाची गोष्टही तिनं सांगितली, सगळ्यांसमोर, अगदी मोठ्यानं. आई तिच्या पायाशी बसून ऐकत होती, जशी काही पहिल्यांदाच ऐकते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. पप्पांना अंधार पडायच्या आत सागर गाठायचं होतं. ते डिकीत पिशव्या रचत असताना फाटकाबाहेर बायका जमू लागल्या. आधी मला वाटलं निरोप द्यायला आल्या असतील. पण कुणी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कुणी नवऱ्याचे बूट घातलेले, एका म्हातारीनं तर डोक्याला टॉवेल गुंडाळला होता.

"काय झालं?" पप्पांनी विचारलं.

"मॅनेजरकडं चाललो," एकजण म्हणाली. "कायदा पाहू देते म्हणे. मंग आमालेबी पाहू दे."

आजोबांनी कपाळाला हात लावला. "एवढ्या साऱ्या? अन् मॅनेजर काय म्हणन?"

"ते तुमी नका सांगू," आजी म्हणाली. ती काठी घेऊन ओसरीच्या पायऱ्या उतरत होती. "मी सांगते त्याले."

पप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. आई म्हणाली, "सागर कुठं पळून जातं? थांबा." मग ती त्या बायकांच्या घोळक्यात शिरली आणि मी तिच्यामागे पळाले.

मॅनेजर कचेरीच्या व्हरांड्यात आला, एवढ्या बायका बघून एक पाऊल मागे सरकला. आजीनं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, खाण बंद होऊन राहिली. यांले एकदा पाहू द्या." तो टोपी हातात फिरवत आत गेला. कुणाशीतरी फोनवर बोलून आला. मग म्हणाला, सरदारजींची टोपी सोडून उरतात तितक्याच, एका वेळी चौघी, दर वेळी ओव्हरमन सोबत, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी हट्ट करायचा नाही.

"बत्तीघर तिकडं," आजी लगेच मागे वळून म्हणाली. "घड्याळ काढा. काडेपेटी असन तर देऊन टाका. ओढणीवाल्यांनी ओढणी सोडा. अन् छताले हात लावू नका, माह्या नवऱ्यालेच ठोकू द्या."

आम्ही त्या दिवशी निघालोच नाही. पप्पा आणि भाऊ दुपारभर कमानीपाशी बसून वर येणाऱ्या प्रत्येक चौघींना चहा देत राहिले. खालून हसण्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक वेळी वर येणाऱ्यांचे गाल काळे होते.